शेरखानचे आडनाव

१९९३ साली ज्यांचे वय आठ ते चौदा होते, त्यांना रविवारची सकाळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचे. गुलजारांनी लिहिलेले आणि तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या विशाल भारद्वाज यांनी चाल दिलेले शीर्षकगीत सुरू झाले की फैजपूरच्या आमच्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या ओस पडत. मक्तबमधून सुटलेली मुले टोपी डोक्यावर तशीच ठेवून ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओट्यावर जमत. त्या घरची खाला आधी सगळ्यांचे सिपारे गोळा करून उंच फळीवर ठेवायची, हात झटकायची आणि मगच टीव्हीचे बटण फिरवायची. टीव्ही मोजक्याच घरी होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट. एकजण गच्चीवर ॲन्टेना फिरवायचा आणि खालून ओरडा व्हायचा, "आलं, आलं... गेलं!" बगीरा काळा आहे हे आम्हाला दिसत होते, पण शेरखानचा पिवळा रंग आमच्यापैकी कित्येकांनी पुढे अनेक वर्षांनी पाहिला.

घरातल्या बुजुर्गांचे टीव्हीबद्दलचे मत काही चांगले नव्हते. काहीजण उघडपणे त्याला सैतानाचा डबा म्हणत. पण मोगलीच्या वेळेला त्यातलेही एकदोन दारात टेकून उभे राहत आणि आपण नातवाला न्यायला आलो आहोत असे दाखवत. मालिकेतल्या मोगलीकडे बूमरँग होते. ते फेकले की शत्रूला लागून परत हातात यायचे. मोहल्ल्यातल्या मुलांनी खोक्यांच्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे, जे मिळेल ते वाकडे कापून बूमरँग केले. त्यातले एकही कधी परत आले नाही. शेजारच्यांच्या कौलांवर मात्र बरीच जमा झाली.

ती मालिका आपल्याकडची नव्हती. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ मध्ये तिचे ५२ भाग केले होते. जपानी चित्रकारांनी रेखाटलेले मध्य प्रदेशातले जंगल हिंदी बोलत आपल्या घरात आले. त्यात किची नावाचा एक लाल पांडाही होता. खरा लाल पांडा हिमालयात राहतो, शिवनीच्या सागवानात त्याचे काय काम! पण आम्हाला त्याचे काही वाटले नाही. कारण आवाज आपले होते. शेरखानला आवाज दिला होता आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांनी. तो आवाज इतका मनात बसला की पुढे नानांचा कोणताही सिनेमा पाहताना आमच्या पिढीला आधी वाघ आठवतो.

हे सगळे पुन्हा वर आले ते या दिवाळीच्या सुट्टीत. २०१६ चा 'द जंगल बुक' आम्ही घरी मुलांबरोबर परत पाहिला. प्रदर्शित झाला तेव्हा आम्ही तो जळगावला जाऊन थिएटरात पाहिला होता. भारतात तो ८ एप्रिल २०१६ ला लागला, म्हणजे अमेरिकेच्याही एक आठवडा आधी. डिस्नेवाल्यांना आपल्याकडच्या रविवारच्या सकाळींची पक्की माहिती असावी, कारण भारतातल्या जाहिरातीसाठी त्यांनी तेच जुने गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करून घेतले आणि शेरखानच्या हिंदी आवाजासाठी पुन्हा नाना पाटेकरांनाच बोलावले. म्हणजे सिनेमा अमेरिकेचा, मालिका जपानची, मूळ पुस्तक एका इंग्रजाचे, आणि थिएटरात रडवेले झालेले चाळिशीकडे झुकलेले लोक खानदेशातले.

यंदा पुन्हा पाहण्याचे कारण मात्र आठवणींचे नव्हते. आमची बहीण शेजारच्या तालुक्याच्या गावी असते. तिचा मुलगा सहावीत आहे, आडनाव खान. त्याच्या शाळेत डिसेंबरात स्नेहसंमेलन आहे आणि त्यात 'जंगल बुक'वर मराठी नाटिका बसवायचे ठरले आहे. पात्रे वाटताना बाईंनी हसत हसत म्हटले, "शेरखान तूच हो. नाव तर आधीच आहे तुझं." वर्ग हसला, तोही हसला. मधल्या सुट्टीत मैदानावर "ए शेरखान" सुरू झाले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणाले, "शेवटी त्याला जाळतात, माहितीय ना?" त्यानंतर तो घरी येऊन जेवला नाही.

बहिणीने फोनवर आमच्यापाशी सगळा राग काढला. "भाईजान, पहिलीपासून पोरगा तिथं जातोय. साठ मुलांत शेर व्हायला हाच सापडला? आणि हरणं, मोर, हत्ती कोणाकोणाला केलं ते विचारा." ती शाळेत जाऊन भांडणार होती. आम्ही तिला म्हटले, आधी सुट्टीत त्याला इकडे पाठव.

तो आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तोंड उघडले. "मामू, शेरखान मुसलमान होता का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अकरा वर्षांचा मुलगा असा प्रश्न विचारतो तेव्हा तो वाघाबद्दल विचारत नसतो. आम्ही त्याला लगेच 'नाही रे, वाघाला कुठे धर्म असतो' असे गुळगुळीत उत्तर दिले नाही. त्याने बाहेर जे ऐकले त्याला ते उत्तर पुरत नाही. शिक्षकाच्या सवयीने आम्ही पुस्तके काढली.

रुडयार्ड किपलिंगचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५ चा. त्याचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला होते आणि त्याच आवारात तो जन्मला. तरुणपणी त्याने लाहोर आणि अलाहाबादच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत नोकरी केली. 'द जंगल बुक' त्याने अमेरिकेत बसून लिहिले आणि ते १८९४ मध्ये छापून आले. ज्या शिवनीच्या जंगलाची त्याने गोष्ट सांगितली, ते त्याने स्वतः पाहिले नव्हते असे अभ्यासक सांगतात. आज त्या भागात पेंचचा व्याघ्रप्रकल्प आहे आणि त्याचा एक हिस्सा आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो. प्राण्यांची नावे मात्र त्याने आपल्याच बोलीतून उचलली. भालूचा बल्लू, हाथी तो हाथीच, माकडे म्हणजे बंदरलोग, एकटा राहणारा म्हातारा लांडगा अकेला. लांडगीण आईचे नाव रक्षा. यात गंमत अशी की किपलिंग तिच्या नावाचा अर्थ राक्षसी असा सांगतो, आणि आपण हिंदी-मराठीवाले तिला सांभाळणारी समजून बसलो आहोत. आपला अर्थ जास्त चांगला आहे.

आणि शेरखान. शेर म्हणजे वाघ, खान म्हणजे सरदार. वाघांचा सरदार, एवढाच त्या नावाचा अर्थ. 'खान' ही मुळात मध्य आशियातली पदवी आहे, धर्माशी तिचा संबंध नंतर आला. चंगीझ खान मुसलमान नव्हता, हे भाच्याला सांगितले तेव्हा तो पलंगावरून उठून बसला. त्याच्या मनात सगळे खान एकाच मोहल्ल्यातले होते.

मग आम्ही त्याला खऱ्या शेरखानची गोष्ट सांगितली. बिहारमधल्या सासारामच्या जहागीरदाराचा फरीद नावाचा मुलगा होता. त्याने शिकारीत वाघ मारला म्हणून बिहारच्या सुभेदाराने त्याला 'शेरखान' ही पदवी दिली. पुढे त्याने १५३९ मध्ये चौसा आणि १५४० मध्ये कनौज येथे हुमायूनचा पराभव केला आणि दिल्लीच्या तख्तावर शेरशाह सूरी म्हणून बसला. अवघी पाच वर्षे राज्य केले. त्यात चांदीचा रुपया चालू केला आणि बंगालपासून वायव्येकडे जाणारा मोठा रस्ता नीट बांधून त्यावर सराया उभ्या केल्या. १५४५ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात दारूगोळ्याच्या स्फोटात तो गेला. रुपयाचे नाणे हातात घेऊन भाचा म्हणाला, "म्हणजे शेरला मारणारा शेरखान?" हो, आम्ही म्हटले. किपलिंगने नाव मारणाऱ्याकडून घेऊन मारल्या जाणाऱ्याला दिले.

आणि एक गोष्ट तर त्याच्या पायाखालची होती. आपण राहतो तो खानदेश. या नावाच्या अनेक व्युत्पत्ती सांगतात. कोणी कान्हदेश म्हणतात, कोणी सेऊणदेश म्हणतात. पण वारंवार सांगितली जाणारी एक व्युत्पत्ती अशी की फारुकी राजांना 'खान' ही पदवी होती, त्यांचा देश तो खानदेश. १३८२ च्या सुमारास मलिक राजाने थाळनेरला हे राज्य उभे केले, मग राजधानी बुऱ्हाणपूरला गेली, आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने ते मोगल राज्यात घेतले. अकबराने आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून प्रांताचे नाव दानदेश केले, पण लोकांनी ते काही फार दिवस चालू दिले नाही. फैजपूरहून बुऱ्हाणपूर काही दूर नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी सोयरिकी तिकडच्याच आहेत.

सगळ्यात मजेशीर गोष्ट किपलिंगच्या पुस्तकातच आहे आणि ती सिनेमावाल्यांनी कोणीच घेतली नाही. मोगली गावात राहायला जातो तेव्हा पारावर बलदेव नावाचा शिकारी गप्पा मारत असतो. तो गावकऱ्यांना सांगतो की या लंगड्या वाघात पुरन दास नावाच्या एका मेलेल्या सावकाराचे भूत शिरले आहे, कारण सावकारही लंगडत होता. म्हणजे गावाच्या मते शेरखान कोण, तर व्याजाने पैसे देणारा पुरन दास! भाच्याने हे तीनदा वाचून घेतले. त्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा खट्याळ हसू आले. "हे बाईंना दाखवू?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, दाखव, पण कोणाला चिडवायला नको.

मग संध्याकाळी सिनेमा लावला. घरातली मुले, शेजारची तीन, आमची अम्मी, बहीण, सगळे बैठकीत बसले.

सिनेमा म्हणून तो आजही चांगला आहे. दिग्दर्शक जॉन फॅव्हरो. पडद्यावर जिवंत असा जवळजवळ एकच, मोगली झालेला न्यूयॉर्कचा नील सेठी. बाकी झाडे, पाणी, प्राणी, आकाश सगळे संगणकावर रंगवलेले. चित्रीकरण झाले लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. नीलला समोर कोणीतरी दिसावे म्हणून बाहुल्या हलवणारे कलाकार प्राण्यांच्या जागी असत. म्हणून याला ॲनिमेशनपट म्हणायचे की नाही यावर लोक वाद घालतात. आम्हाला विचाराल तर एक मुलगा सोडून सगळेच रंगवलेले असेल तर ते कार्टूनच, फक्त फार महागडे. उत्तम दृश्य-परिणामांचे ऑस्कर त्याला मिळाले. आपल्या सेन्सॉर बोर्डाने मात्र त्याला 'यू/ए' प्रमाणपत्र दिले होते, प्राणी फार अंगावर येतात म्हणून. तेव्हा लोक हसले होते. शेरखान पहिल्यांदा झेप घेतो तेव्हा शेजारची धाकटी अम्मीच्या ओढणीत शिरली, ते पाहून बोर्डाचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते असे वाटले.

पहिल्या अर्ध्या तासातले पाण्याचे दृश्य सर्वांत सुंदर आहे. दुष्काळ पडतो, नदी आटते आणि पात्रातला एक मोठा खडक उघडा पडतो. तो दिसला की जंगलात पाण्याचा तह लागू होतो. वाघ आणि हरीण एकाच काठावर पाणी पितात, तिथे शिकार करायची नाही. हे मूळ किपलिंगचेच आहे. अम्मी एकदम बोलली, "आपल्या वाड्यातल्या विहिरीत तशीच एक पायरी होती. ती दिसली की घरातली सगळी भांडणं बंद. पाणी मोजून मिळायचं." आता ती विहीर बुजली आहे. आपल्या यावल-रावेर भागात केळी पाण्यावर वाढते आणि बोअर दरवर्षी खोल जातात, हे इथल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. त्या तहाचा अर्थ आमच्या बैठकीतल्या मुलांना लॉस एंजेलिसच्या मुलांपेक्षा लवकर कळला असावा.

त्याच तहाच्या जागी शेरखान येतो. तह आहे म्हणून तो मोगलीला हात लावत नाही, पण सांगून जातो की पाणी चढले की हिशेब होईल. इथे नानांचा आवाज ऐकून आम्ही नकळत ताठ बसलो. तेवीस वर्षांनी तो आवाज आणखी जाडाभरडा झाला आहे आणि सावकाश बोलतो. इंग्रजीत हे काम इद्रिस एल्बाने केले आहे, तेही चांगले आहे, पण आमच्या कानांना तो शेरखान परका वाटतो.

भाच्याने इथे सिनेमा थांबवायला लावला. "आवाज कोणाचा म्हणालात?" नाना पाटेकरांचा. "आणि बल्लूचा?" इरफान खानचा. बगीराचा ओम पुरींचा, कावर प्रियंका चोप्रा, रक्षा शेफाली शाह. तो थोडा वेळ गप्प बसला. बल्लू म्हणजे मध चोरणारा, आळशी, पंजाबी ढंगात बोलणारा, मोगलीसाठी जीव टाकणारा अस्वल. सिनेमात सगळ्यांना आवडतो तो तोच. आणि त्याच्या आत बोलत होता एक खान. वाघाच्या आत एक पाटेकर. हे कोणी ठरवून केले नसेल. आवाज ज्याला शोभला त्याला दिला असेल. पण आमच्या बैठकीत त्या क्षणी बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आम्ही ते पाहिले नाही असे दाखवले.

भाचा मात्र आजकालच्या मुलांसारखा चौकस. मोबाइलवर शोधून म्हणाला, "मामू, पण इरफान तर नंतर आपलं नाव नुसतं इरफान लिहायचे. खान काढून टाकलं होतं." हे खरे आहे. ते पुढे नुसतेच 'इरफान' म्हणवून घेत. टोंकच्या त्या माणसाला आपली ओळख आडनावाने नको, कामाने हवी होती असे त्यांच्या बोलण्यातून दिसायचे. आम्ही भाच्याला एवढेच म्हटले की ते त्यांनी मोठे झाल्यावर, स्वतःच्या मनाने ठरवले. कोणी मैदानात चिडवले म्हणून नाही. २९ एप्रिल २०२० ला इरफान गेले. त्याआधी ६ जानेवारी २०१७ ला ओम पुरी. बगीरा आणि बल्लू दोघेही आता नाहीत, हे मुलांना सांगितल्यावर शेजारच्या धाकटीने विचारले, "मग मोगलीकडे कोण बघतं?"

आमच्या वर्गातल्या मुलांचे प्राण्यांशी नाते वेगळे आहे, ते इथे सांगायला हवे. फैजपूरच्या उत्तरेला सातपुडा दिसतो, त्यातच यावलचे अभयारण्य आहे. तिकडे मुक्ताईनगर तालुक्यातल्या वढोद्याच्या जंगलात वाघांचा वावर आहे. केळीच्या बागांत बिबट्या दिसल्याच्या बातम्या नेहमीच्या झाल्या आहेत. मुलांचे वडील, काका रात्रीची वीज आली की केळीला पाणी भरायला जातात, काठी आणि बॅटरी घेऊन. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा आमच्याही शाळेत कित्येक दिवस तोच विषय होता. बगीरा म्हणजे काळ्या रंगाचा बिबट्याच. त्यामुळे एका मुलीने एकदा विचारलेला प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. "सर, बगीराने मोगलीला खाल्लं का नाही?" पुस्तकातला बगीरा पिंजऱ्यात जन्मलेला आहे, उदेपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात. माणसे त्याने जवळून पाहिली आहेत. मुलीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मग तो पाळलेला आहे. आमच्याकडे येतो तो पाळलेला नाही."

वाघ माणसावर का उठतो, याचे उत्तर जिम कॉर्बेटने आपल्या शिकारीच्या पुस्तकांत दिले आहे. बहुतेक नरभक्षक वाघ जखमी असतात, म्हातारे असतात, कोणाच्या गोळीने किंवा साळिंदराच्या काट्यांनी लंगडे झालेले असतात. किपलिंगचा शेरखान जन्मापासून लंगडा, म्हणून तो गुरे मारतो. सिनेमावाल्यांनी ते बदलले. मोगलीच्या बापाने मशालीने त्याचे तोंड भाजले, एक डोळा गेला, असे दाखवले. त्यामुळे वाघाच्या रागाला कारण मिळाले. आम्हाला हा बदल आवडला. मुलांनाही जाणवला. भाचा पुटपुटला, "त्यालाही आधी कोणी जाळलंच होतं." बाकी कोणी लक्ष दिले नाही, पडद्यावर म्हशींचा कळप धावत होता.

मधला भाग लांबला आहे. माकडांचा राजा लुई हा किपलिंगच्या पुस्तकात नाहीच. किपलिंगच्या बंदरलोगांना राजाच नसतो, त्यांची खरी अडचण तीच असते. लुई डिस्नेने १९६७ च्या चित्रपटासाठी जन्माला घातला. तो ओरांगउटान होता आणि भारतात ओरांगउटान नसतो, म्हणून २०१६ मध्ये त्याला पुराणकाळातला प्रचंड वानर केला. एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्याला काढून टाकले असते तर बरे झाले असते. त्या वेळी मुले चिवडा संपवत होती.

शेवट आम्हाला आधीही खटकला होता, आताही खटकला. सिनेमात मोगली शेरखानला आगीत पाडतो, हत्ती नदी वळवून वणवा विझवतात, आणि मोगली जंगलातच आनंदाने राहतो. माणसे दुरून दिसणाऱ्या दिव्यांपुरती. मूळ गोष्ट इतकी सोपी नाही. तिथे लांडग्यांचा कळप मोगलीला माणूस म्हणून हाकलतो, आणि गावात गेल्यावर गावकरी त्याला लांडग्यांचा चेटक्या म्हणून दगड मारून हाकलतात. दोन्हीकडचा तो, आणि दोन्हीकडून बाहेर. शेरखानला तो म्हशींच्या कळपाखाली तुडवून मारतो, त्याचे कातडे सोलून सभेच्या खडकावर पसरतो, तरी त्याला घर मिळत नाही. मसुआ नावाची एकच बाई गावात त्याला आपला मुलगा मानते. १९९३ च्या मालिकेत गाव तरी होते, माणसे होती. नव्या सिनेमाने ते सगळे पुसले. मुलांना दुःख होऊ नये म्हणून पुसले असेल. पण आमच्या भाच्यासारख्या मुलांना त्याच भागाची गरज होती, असे आम्हाला वाटते. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, मैदानात तिसरे नाव, हे त्यांना रोजचेच आहे. मूळ मोगली त्यांच्याशी जास्त बोलला असता.

हेही खरे की किपलिंग साधा गोष्टीवेल्हाळ माणूस नव्हता. गोऱ्यांनी काळ्यांवर राज्य करणे हे त्याला गोऱ्यांच्या डोक्यावरचे ओझे वाटायचे, त्यावर त्याने १८९९ मध्ये कविताच लिहिली. त्याच्या जंगलातही कायदा आहे, आज्ञा आहे, आणि कायदा न पाळणारी माकडे तुच्छ आहेत. काही पालक आम्हाला म्हणतात की असे असेल तर मुलांना हे दाखवूच नये. आम्हाला ते पटत नाही. बंद केले तर मुले मैदानात पाहतील, आणि तिथे समजावून सांगायला कोणी नसते. २०१८ मध्ये याच गोष्टीवर आणखी एक चित्रपट आला, 'मोगली' नावाचा. त्यात हिंदीत शेरखान जॅकी श्रॉफ आणि कावर करीना कपूर खान आहेत. तो जास्त काळोखा आहे, धाकट्यांना झेपणार नाही. पण सातवी-आठवीच्या मुलांबरोबर बसून पाहण्यासारखा आहे.

सुट्टी संपल्यावर बहिणीने बाईंना फोन केला. भांडायचे नाही असे ठरवून केला. बाईंनी ऐकून घेतले आणि थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मनात तसं काही नव्हतं हो. त्याचा आवाज वर्गात सर्वांत मोठा आहे, म्हणून. पण मी ते नावावरून बोलायला नको होतं." त्यांनी भाच्यालाच विचारायचे ठरवले. शेरखान हवा की बल्लू? बल्लू झालेल्या मुलाला बदल चालणार होता.

आमचा अंदाज होता तो बल्लू घेईल. बहीण तर गृहीतच धरून बसली होती, तिने काळी घोंगडी शोधूनही ठेवली होती. त्याने दोन दिवस मागून घेतले आणि शेरखानच घेतला. कारण विचारले तर म्हणाला की बल्लूला फक्त नाचायचे आहे, शेरखानला सात वाक्ये आहेत आणि शेपटी आहे. एक अट मात्र त्याने बाईंसमोर घातली, स्टेजवर शेरखान म्हणायचे, खाली उतरल्यावर नाव घ्यायचे. आणि नाटिकेच्या मजकुरात त्याने बाईंच्या परवानगीने एक भर घातली आहे. सुरुवातीला पारावरचा बलदेव येऊन पुरन दास सावकाराच्या भुताची गोष्ट सांगतो. ते काम वर्गातल्या सर्वांत बारीक मुलाला मिळाले आहे आणि तो म्हणे लंगडण्याचा सराव घरीही करतो.

बहीण अजून पूर्ण राजी नाही. "मला नाही आवडत, भाईजान, शेवटी माझ्याच पोराला आगीत पडताना बघायचं," ती म्हणते. आम्ही तिला काही समजवायला गेलो नाही, तिचे म्हणणे चुकीचे नाही. बाईंनी आग काढून पुस्तकातल्यासारखा म्हशींचा कळप आणायचे कबूल केले आहे. म्हशी व्हायला चौथीची सोळा मुले मिळाली आहेत. पिवळ्या कापडावर काळे पट्टे अम्मी शिवते आहे, तिची नजर आता कमी झाली आहे म्हणून पट्टे थोडे वाकडे येतात. भाचा म्हणतो, खऱ्या वाघाचेही सरळ नसतात.